काकांची १९७८ ची लिंकन मार्क फाइव्ह: रंग न मारता, घाई न करता कशी विकावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांनी डेट्रॉइटजवळ नवी कोरी घेतलेली १९७८ ची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क फाइव्ह, ४६० घन इंचाचं इंजिन, मीटरवर ४१ हजार मैल, रंग आणि लेदर मूळचं. काका गेले, गाडी काही वर्षं गॅरेजात उभी आहे, काकूंना जागा मोकळी हवी आहे. एक डीलर सात हजार डॉलर देतो म्हणतो. ओळखीतले सांगतात, रंग मारून घ्या, दुप्पट मिळतील.

रंग मारू नका. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं. मार्क फाइव्ह दुर्मीळ नाही. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास निघाल्या. त्यामुळे गिऱ्हाईक पैसे मोजतो ते गाडीला हात न लागल्याचे आणि त्याच्या पुराव्याचे. नवा रंग चढला की तो पुरावाच गेला. पुढचा प्रत्येक खरेदीदार विचारणार, खाली काय लपवलंय? शिवाय १९ फुटी गाडीचं नीट काम, व्हिनाइलचं छत उतरवून, काचा काढून, दहा हजार डॉलरच्या खाली होत नाही. चांगल्या स्थितीतल्या साध्या मार्क फाइव्हचे सौदे बहुधा दहा ते वीस हजारांच्या पट्ट्यात होतात. हिशेब बसत नाही.

गाडीला हात लावण्याआधी कागद बघा. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी दाखला, कुणाच्या नावावर आहे? काका-काकू दोघांच्या असेल तर काम सोपं. एकट्या काकांच्या नावावर असेल आणि प्रोबेट (वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया) उघडलेलं नसेल, तर मिशिगनमध्ये वारसासाठी टीआर-२९ नावाचा फॉर्म आहे. मृत्यूचा दाखला आणि टायटल घेऊन सेक्रेटरी ऑफ स्टेट या गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या खात्याच्या शाखेत जा आणि आधी टायटल काकूंच्या नावावर करून घ्या. प्रोबेट चालू असेल तर सही एक्झिक्युटरची, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था बघायला नेमलेल्या माणसाची. मृताच्या नावाचं टायटल दाखवून जाहिरात देऊ नका. चांगला गिऱ्हाईक तिथंच मागे फिरतो आणि उरतो तो भाव पाडणारा. काका गेले त्या सुमाराच्या किमतीचं लेखी मूल्यांकनही करून ठेवा. वारशाने आलेल्या मालमत्तेची कराच्या हिशेबातली मूळ किंमत त्या तारखेचा बाजारभाव धरतात, १९७८ ची खरेदी किंमत नाही. त्यामुळे भरावा लागणारा कर बहुधा नगण्य असतो.

आता गाडीची ओळख. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला काचेतून दिसणारा नंबर ११ अक्षरांचा असेल. १७ अक्षरांचे नंबर १९८१ पासूनचे. नेहमीचे ऑनलाइन अहवाल या नंबरावर काही देत नाहीत, म्हणून गोंधळू नका. पहिलं ८ म्हणजे १९७८, मग वाय म्हणजे विक्समचा कारखाना, ८९ म्हणजे मार्क फाइव्हची बॉडी आणि पुढचं ए म्हणजे ४६० इंजिन. तिथं एस असेल तर इंजिन ४०० चं आहे, मग बॉनेटखाली काहीही दिसो. हा फरक भावात दिसतो, जाहिरातीत चुकलात तर सगळ्याच बोलण्यावरचा विश्वास उडतो. ड्रायव्हरच्या दारावरच्या लेबलवर रंग, छत, अंतर्भाग आणि ॲक्सलचे कोड असतात. त्याचा स्वच्छ फोटो घ्या, लेबल पुसू नका.

याच्या जोडीला मार्टी रिपोर्ट मागवा. मार्टी ऑटो वर्क्सकडे १९६७ पासूनच्या फोर्ड, लिंकन, मर्क्युरी गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. गाडी कोणत्या रंगात, कोणत्या ऑप्शनसह बनली हे त्यात येतं. खर्च किरकोळ, वजन मोठं. बिल ब्लास, कार्तिये, जिव्हॉन्शी, पुच्ची या डिझायनर आवृत्त्यांपैकी एखादी किंवा फोर्डच्या ७५ व्या वर्षाची डायमंड ज्युबिली निघाली, तर किमतीचा पट्टाच बदलतो. ज्युबिली ५,१५९ च निघाल्या. पण सावध राहा: डॅशवरच्या घड्याळावर कार्तियेचं नाव साध्या गाडीतही असतं. तेवढ्यावरून कार्तिये आवृत्ती म्हणून जाहिरात देणारे दर महिन्याला दिसतात आणि दर महिन्याला त्यांची शोभा होते.

मैलांचं काय? मीटर पाच आकडी आहे, ४१ हजार म्हणजे १ लाख ४१ हजारही असू शकतात. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना विक्रीच्या वेळी मीटरचं जाहीरपत्र केंद्रीय नियमाने सक्तीचं नाही, त्यामुळे टायटलवरचा आकडा पुरावा ठरत नाही. पुरावा म्हणजे काकांच्या खणातली ऑइल बदलल्याची बिलं, विम्याचे जुने कागद, दुकानांनी दाराच्या कडेला चिकटवलेले स्टिकर. तारीखवार लावून एका फाइलमध्ये ठेवा. ब्रेक पेडलच्या रबराची झीज आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची शिवण यांचेही फोटो घ्या. कागद असतील तर ‘४१ हजार, बिलांनुसार’ असं लिहा. नसतील तर ‘मीटरवर ४१ हजार’ एवढंच.

गाडी सुरू करायचा मोह आधी आवरा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी जोडून चावी फिरवली की टाकीतला गाळ थेट कार्ब्युरेटरात जातो. टाकी पूर्ण रिकामी करा; इथलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं, ते लवकर खराब होतं आणि पाणी धरतं. आतून गंज दिसला तर टाकी उतरवायची. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला, एकही जुनी ठेवू नका. कार्ब्युरेटरजवळचा फिल्टर नवा. मेकॅनिकल पंपाचा पडदा फुटला असेल तर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का बघा. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. मोकळं फिरलं, की इग्निशन तोडून स्टार्टरने फिरवा, ऑइलचं प्रेशर येईपर्यंत. त्यानंतरच ठिणगी. ऑइल फिल्टरसकट पाच क्वार्ट लागतं. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे, म्हणून जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल घाला. सी-६ गिअरबॉक्सला सवयीने टाइप एफ तेल ओतणारे मेकॅनिक आहेत. या वर्षांत ते बदललं होतं, तेव्हा डिपस्टिकवर जे छापलंय तेच.

ब्रेकमध्ये नुसतं द्रव बदलून भागत नाही. रबरी होज आतून सुजतात, पेडल सोडलं तरी दाब अडकतो आणि एक चाक तापत राहतं. पुढचे होज बदला, व्हील सिलिंडरचे रबर उलगडून बघा. मागेही डिस्क असतील तर कॅलिपरचे भाग शोधायला वेळ धरा. टायर कितीही नक्षीदार दिसोत, बाजूवरच्या डॉट (DOT) अक्षरांनंतरच्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा: आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, त्यावर चाचणी फेरी द्यायची नाही. २३५/७५ आर १५ मापाचे पांढऱ्या पट्टीचे टायर अजून मिळतात.

या गाडीच्या काही गोष्टी जाणकार गिऱ्हाईक पहिल्या दहा मिनिटांत तपासतो. त्यातली मोठी म्हणजे टायमिंग चेन. त्या काळात ४०० आणि ४६० दोन्हींना नायलॉनचे दात असलेलं कॅम गिअर होतं. मैल कमी असले तरी नायलॉन वयाने तडकतं, तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात, ऑइल पंपाच्या पिकअपची जाळी तुंबते आणि प्रेशर जातं. म्हणजे ‘फक्त ४१ हजार मैल’ हे इथं समाधान नाही. तपासायला डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँक पान्याने एका दिशेला फिरवून थांबा, मग उलट दिशेला हळू फिरवत रोटर कधी हलतो ते बघा. क्रँक पाच-सात अंशांपेक्षा जास्त फिरूनही रोटर स्थिर असेल तर चेन ढिली आहे. बदललीत तर पोलादी गिअर घाला, जुना गिअर फेकू नका, फोटोसाठी आणि खरेदीदाराच्या हातात द्यायला ठेवा. तुकडे पडलेले दिसले तर पॅन उतरवल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

दुसरी गोष्ट हेडलाइटवरची झाकणं. ती इंजिनाच्या व्हॅक्यूमने बंद राहतात आणि व्हॅक्यूम गेला की स्प्रिंगने उघडतात. गाडी चालवून बंद करा, रात्रभर सोडा. सकाळी एक झाकण अर्धवट उघडं दिसलं तर गळती आहे: नळी, टाकी, एकमार्गी झडप किंवा मोटरचा पडदा. याच व्हॅक्यूमवर वातानुकूलनाची आतली दारं आणि हँडब्रेक आपोआप सुटणं चालतं, त्यामुळे एक गळती तीन तक्रारी उभ्या करते. नळी स्वस्त, शोधायचे तास महाग. तरीही हे काम कराच. एक डोळा उघडा असलेली मार्क फाइव्ह फोटोत बघितली की लोक पुढचं वाचतच नाहीत.

एसीमध्ये मूळ आर-१२ वायू असेल. त्याचं उत्पादन अमेरिकेत १९९५ अखेर थांबलं, पण साठा मिळतो. भरणाऱ्याकडे स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०९ चं प्रमाणपत्र लागतं. यंत्रणा दाब धरत असेल तर आर-१२ च भरून घ्या. धरत नसेल तर विक्रीसाठी म्हणून १३४ए या नंतरच्या वायूमध्ये बदलू नका, तसं लिहून द्या. निर्णय नव्या मालकाचा.

गंज मात्र लपत नाही. व्हिनाइल छताच्या कडेने, मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आणि मागच्या खांबातल्या लंबगोल ऑपेरा खिडक्यांभोवती बोटाने हळूच दाबा. करकर वाजलं किंवा फुगवटा लागला तर खाली पत्रा गेला आहे. व्हिनाइल उचकटून बघू नका. डिकीतला गालिचा उचला, मागच्या काचेतून गळालेलं पाणी तिथं ओघळ सोडतं. मग गाडी लिफ्टवर: मागच्या ॲक्सलच्या वरची फ्रेम आणि बॉडी माउंट हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांची ख्याती देशभर आहे, टेक्सास-ॲरिझोनाचा माणूस गावाचं नाव वाचूनच कचरतो. दारांच्या कडेला प्लास्टिकची गोल बुचं दिसली तर आनंद माना. झीबार्ट ही गंजरोधक कंपनी १९५९ मध्ये डेट्रॉइटलाच सुरू झाली, आणि अशी भोकं पाडून आत फवारा मारून घेतलेल्या गाड्या टिकल्या. त्या कामाची पावती काकांच्या फाइलमध्ये असेल तर ती जाहिरातीतच लावा.

रंग मूळचा आहे हे म्हणणं पुरेसं नाही, मोजून दाखवा. रंगाची जाडी मोजणारं साधं यंत्र मिळतं. कारखान्याचा रंग साधारण चार ते सहा मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) भरतो, एकदा पुन्हा मारलेला आठ-बाराच्या घरात, आणि पुट्टी असेल तर आकडा वीस-तीसच्या वर उडी मारतो. प्रत्येक पॅनेलचे तीन आकडे कागदावर लिहा. एखादा फेंडर पूर्वी रंगवलेला निघाला तर सरळ सांगा. ४८ वर्षांच्या आसपासच्या गाडीत एखादं पॅनेल रंगवलेलं असणं कुणाला खटकत नाही, ते लपवलेलं खटकतं.

स्वच्छता हात राखून. कडांवर पॉलिशचं मशीन फिरवू नका, रंग तिथं सर्वांत पातळ असतो. इंजिनवर प्रेशर वॉशर अजिबात नको. कारखान्यातल्या खडूच्या आणि रंगाच्या खुणा, स्टिकर, मूळ क्लिपा हेच तर विकायचं आहे. लेदरला चकाकी आणणारे फवारे टाळा. बदललेला प्रत्येक मूळ भाग डब्यात घालून गाडीबरोबर द्या. चाव्याही दोन प्रकारच्या शोधा: त्या काळच्या फोर्डच्या गाड्यांत दार-इग्निशनची एक आणि डिकी-ग्लोव्हबॉक्सची दुसरी असे. दुसरी हरवली असेल तर आत्ताच बनवून घ्या.

किंमत ठरवताना मागितलेले भाव बघू नका, झालेले सौदे बघा. ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर संपलेले लिलाव खालच्या चर्चेसकट वाचता येतात. तुमच्यासारख्या पाच-सहा गाड्या काढा आणि लोकांनी काय खुसपटं काढली ते टिपा. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या मूल्यतक्त्यात स्थितीचे एक (सर्वांत उत्तम) ते चार क्रमांक आहेत. जवळपास प्रत्येक मालकाला आपली गाडी दोन नंबरची वाटते, ती असते तीनची. तीनचा आकडा धरा, कागदपत्रं आणि मूळपणासाठी थोडं वर मागा.

डीलरच्या सात हजारांचं सांगतो. गाडी जागवायला, म्हणजे इंधन, ब्रेक, टायर, चेन, व्हॅक्यूम, दोन ते तीन हजार डॉलर आणि दोन-तीन महिने जातील असं धरा. नंतर चौदा-पंधरा हजार आले तर हातात चार-पाच हजार जास्त पडतात. काकूंना घर विकून पुढच्या महिन्यात जायचं असेल तर डीलरला द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त साडेआठ मागा. बंद गाडी बघून सात म्हणणाऱ्याने वर थोडी जागा ठेवलेली असते. दरम्यान विमा चालू ठेवा, काकांच्या नावाची पॉलिसी आपोआप काकूंना लागू होते असं समजू नका, एजंटला विचारा.

विक्रीची जागा गाडीच्या स्थितीवर. सर्वात समजूतदार गिऱ्हाईक लिंकन अँड कॉन्टिनेन्टल ओनर्स क्लबमध्ये भेटतो. त्याला गाडी समजावून सांगावी लागत नाही, पण तो घासाघीसही नेमकी करतो. हेमिंग्ज या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींच्या साइटवरची जाहिरात शांतपणे महिने-दोन महिने चालते. ब्रिंग अ ट्रेलरवर विकणाऱ्याला कमिशन नाही, खरेदीदार पाच टक्के वर देतो. पण आठवडाभर दिवसातून चार वेळा प्रश्नांना उत्तरं द्यायची तयारी हवी. तुम्ही गप्प बसलात की बोली थंडावते. काकूंना हे जमणार नाही, तुम्ही किंवा तुमचा मुलगा बसा. फेसबुक मार्केटप्लेसवर ‘शेवटची किंमत काय’ विचारणारे शंभर येतील, गाडी बघायला दोन. मोठ्या प्रत्यक्ष लिलावात एवढ्या किमतीच्या गाडीला कमिशन आणि वाहतूक वजा जाता काही उरत नाही.

वेळ एप्रिल ते ऑगस्ट. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळा असतो. त्या आठवड्यात रस्त्याकडेला लावलेल्या गाडीला जेवढे डोळे मिळतात तेवढे कुठल्याच साइटवर नाहीत. ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट असेल तर मिशिगनमध्ये ऑगस्टभर ती गाडी मोकळेपणी चालवता येते, एरवी वापरावर मर्यादा आहेत. नोव्हेंबरनंतर मिठाच्या रस्त्यावर गाडी काढू नका, मग खरेदीदार कितीही आग्रह करो.

फोटो ऐंशी ते शंभर घ्या, ढगाळ सकाळी. फोन गाडीजवळ धरला की लांब बॉनेट वाकडं दिसतं. वीस-पंचवीस फूट मागे जा आणि झूम करा. चारही बाजू, खालचा भाग, डिकी, दारांच्या कडा, लेबल, प्रत्येक ओरखडा. दोन व्हिडिओ: थंड इंजिन सुरू होताना एका दमात, आणि सगळी बटणं चालवताना: चारही बाजूंनी हलणारी सीट, काचा, अँटेना, घड्याळ, वळणदिवे, असेल तर उरलेले मैल दाखवणारा आकडा. मजकुरात दोष आधी लिहा. ‘शोरूमसारखी’, ‘गुंतवणूक’ हे शब्द नकोत. लांबी मात्र जरूर लिहा: सुमारे २३० इंच. निम्म्या लोकांच्या गॅरेजात ती बसत नाही, हे त्यांनी तुमच्या दारात येऊन शोधण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चाचणी फेरीत पहिली पाच मैल तुम्ही चालवा, मग त्याला द्या, लायसन्सचा फोटो घेऊन. गाडी आवडली आणि वेळ मागितला तर विसार पाचशे-हजार डॉलर. पावतीवर तारीख आणि परत मिळणार की नाही हे लिहा.

पैशांत फसवणूक ठरावीक तऱ्हांची. किमतीपेक्षा मोठा चेक पाठवून ‘उरलेले वाहतूकवाल्याला द्या’ म्हणणारा ठग असतो. एका विशिष्ट साइटवरूनच अहवाल विकत घ्या म्हणणाराही ठगच. कॅशिअर चेक खोटे छापले जातात, म्हणून खरेदीदाराच्याच बँकेत, तुमच्या समोर तयार झालेलाच घ्या. लांबचा असेल तर वायर, म्हणजे बँकेतून थेट हस्तांतर, आणि पैसे आल्याची खात्री तुम्ही स्वतः बँकेला फोन करून करा. टायटलवर सही करताना खरेदीदाराचं नाव, तारीख, किंमत सगळं भरलेलं हवं; कोऱ्या टायटलवर सही म्हणजे पुढच्या अपघातापर्यंत गाडी तुमचीच. स्थानिक गिऱ्हाईक असेल तर दोघांनी मिळून शाखेत जा, नसेल तर सही केलेल्या टायटलची प्रत १८ महिने जपा.

बोली स्वीडन, नॉर्वे किंवा जर्मनीहून आली तर दचकू नका, तिथं या गाड्यांचे खरे चाहते आहेत. निर्यातीआधी ७२ तास मूळ टायटल कस्टम्सला दाखवावं लागतं म्हणून त्यांचा एजंट ते आधी मागतो. पैसे खात्यात पडल्यावरच द्या. २० फुटी कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटरच्या किंचित आत, गाडी ५.८५. कागदावर बसते, प्रत्यक्षात बांधायला जागा राहत नाही, म्हणून ४० फुटी कंटेनरच लागतो. तो खर्च त्यांचा, हे सौद्याच्या वेळीच बोला. पुण्याला नेण्याचं मनात असेल तर सोडून द्या. डावीकडचं स्टिअरिंग, जुन्या गाडीच्या आयातीचे निर्बंध आणि शुल्क यांत गाडीची किंमत बाजूलाच राहते.

गाडी ट्रकवर चढायच्या आधी नंबरप्लेट काढून घ्या, मिशिगनमध्ये ती विकणाऱ्याकडे राहते. विमा त्यानंतर बंद करायचा, आधी नाही.